चारमिनार नक्की कशाची आठवण आहे?

मुसीकाठची

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन माहेरी गेले होते. माहेर हैदराबादचं, काचीगुड्यातलं. त्यामुळे चारमिनार लहानपणापासून डोळ्यांखालचा, पण मुद्दाम बघायला म्हणून कधी गेले नव्हते. लाड बाजारात बांगड्या घ्यायला जायचं, आईचा पदर धरून गर्दीतून वाट काढायची, मान वर केली की चार मिनार दिसायचे. एवढीच ओळख.

या वेळी भाचीसाठी तिकीट काढून आत गेलो. शेजारी एक गाईड दुसऱ्या कुटुंबाला सांगत होता : शहरात प्लेग आला, राजाने नवस बोलला, प्लेग गेला, राजाने हे बांधलं. दोन मिनिटांत गोष्ट संपली, मंडळी फोटो काढायला पांगली. भाची मात्र तिथेच उभी. मला म्हणाली, "आत्या, प्लेग शहरात आला होता ना? मग शहर आधी की चारमिनार आधी?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर वडिलांच्या कपाटातली पुस्तकं काढून बसले. जे उमगलं ते इथे मांडते आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

राजधानी होती गोवळकोंड्याला. किल्ल्यात आणि आसपास माणसांची दाटी झाली होती, पाण्याची ओढ होती. पाचवा कुतुबशाही सुलतान महंमद कुली कुतुबशाह याने मुसी ओलांडून दक्षिण काठावर नवं शहर वसवायचं ठरवलं. नदी ओलांडायची सोय आधीच झाली होती. त्याच्या वडिलांनी, इब्राहिम कुतुबशाहाने, १५७८ मध्ये पूल बांधून घेतला होता. तो आज पुराना पूल म्हणून ओळखला जातो.

शहराची आखणी केली मीर मोमीन अस्तराबादी याने. इराणातून आलेला विद्वान, कुतुबशाहीचा पेशवा. हो, पेशवाच. हे पद पुण्यात येण्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या सुलतानशाह्यांत रुळलेलं होतं. त्याने आधी दोन मोठे रस्ते एकमेकांना छेद देऊन आखले. पश्चिमेचा गोवळकोंड्याकडे, पूर्वेचा मछलीपट्टणच्या बंदराकडे, आणि त्यांना काटणारा दक्षिणोत्तर. त्या चौकावर चारमिनार. उत्तरेला थोड्या अंतरावर चार कमानी, त्यांच्या मधोमध गुलजार हौजाचं कारंजं, त्याच्या आसपास राजवाडे.

म्हणून भाचीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : आधी चौक. मग चारमिनार. त्या चार वाटांनी शहर बाहेर पसरत गेलं. आपण स्मारक म्हणतो तेव्हा घडून गेलेल्या गोष्टीची खूण डोळ्यांपुढे येते. इथे राजाने अजून न घडलेल्या शहराची खूण आधी उभी केली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि साल. इ.स. १५९१च्या ऑक्टोबरात हिजरी १००० हे वर्ष सुरू झालं. चारमिनारचा कालश्लेष, म्हणजे ज्याच्या अक्षरांच्या बेरजेतून बांधणीचं साल निघतं ते शब्द, सांगतात तो "या हाफिज", म्हणजे हे रक्षणकर्त्या. अरबी लिपीच्या अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला आकड्यात किंमत असते. ये १०, अलिफ १, हे ८, अलिफ १, फे ८०, ज़ोय ९००. भाचीला वहीत मांडायला लावलं. बेरीज बरोबर १००० आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

राजा स्वतः दखनी भाषेतला, म्हणजे दख्खनच्या जुन्या उर्दूतला, मोठा कवी. त्याने आपल्या शहरासाठी मागितलेलं मागणं हैदराबादेत अजून लोकांच्या तोंडी आहे : देवा, तू नदीत जसे मासे भरलेस तसं माझं शहर माणसांनी भरून टाक. शुक्रवारी संध्याकाळी पत्थरगट्टीतून चारमिनारकडे चालत गेलात तर मागणं किती पुरं झालं ते कळतं.

*

शाल्मली_क

सुंदर धागा. अक्षरांची बेरीज मीही करून बघितली. वाचते आहे.

*

गोदातीर

लेख आवडला, पण प्लेगची गोष्ट इतक्या सहज बाजूला सारू नये असं वाटतं. माझे आजोबा नांदेडचे, शिक्षण हैदराबादचं, उस्मानिया विद्यापीठात. तेही हीच गोष्ट सांगायचे. राजाने साथ हटावी म्हणून प्रार्थना केली आणि प्रार्थनेच्या जागेवर ही वास्तू उभी केली, असं. चारशे वर्षं लोक एखादी गोष्ट सांगत आले असतील तर तिच्यात काही तरी असणारच. गोवळकोंड्याला दाटी होती, पाणी अपुरं होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग तिथे साथ येणं अगदी शक्य नाही का? शहर हलवायचं कारण साथ आणि नव्या शहराची खूण चारमिनार, असंही असू शकेल.

*

मुसीकाठची

@गोदातीर, तुमचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे, अगदी मनापासून सांगते. साथ गोवळकोंड्यात आली आणि शहर इथे हललं, असं मांडलं तर भाचीच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं. माझी अडचण गोष्टीच्या हल्लीच्या रूपाशी आहे. कोणी प्लेग म्हणतं, कोणी पटकी म्हणतं. रोगाचं नावच नक्की नाही. आणि गोष्ट ऐकून माणूस जातो तेव्हा नगररचनेचा एवढा मोठा विचार त्याच्या हाती लागतच नाही. चारमिनारच्या चारही कमानी सारख्या का? प्रत्येकीतून एक सरळ रस्ता का निघतो? प्लेगच्या गोष्टीत याचं उत्तर नाही.

मात्र याच राजाने १५९५च्या सुमारास मुसीच्या दक्षिण काठालाच दारुश्शिफा बांधला. म्हणजे रुग्णालय आणि वैद्यक शिकवायची जागा. त्या वस्तीचं नाव आजही दारुश्शिफाच आहे. आजारपणाची चिंता त्याला होती हे नक्की. तुमच्या आजोबांच्या गोष्टीला मी इतका आधार देऊ शकते.

*

बखरवाचक

धाग्यात एक नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. भागानगर.

मराठी कागदांत हैदराबाद असं क्वचितच सापडेल. बखरी घ्या, पेशवे दफ्तरातली पत्रं घ्या, निजामाच्या राजधानीला आपले लोक सरसकट भागानगर म्हणतात. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणदिग्विजयाला निघाले तेव्हा आधी इथे आले आणि अबुल हसन कुतुबशाहाला, म्हणजे तानाशाहाला, भेटले. मादण्णा आणि आकण्णा हे बंधू तेव्हा कारभारात होते. सभासदाने बखरीत त्या स्वागताचं वर्णन केलंय ते मुळातून वाचावं. रस्त्यांवर कुंकवा-केशराचे सडे, गुढ्या, तोरणं, पताका, राजाला बघायला लोटलेली माणसं, ओवाळणाऱ्या बायका, महाराजांवर उधळलेली सोन्यारुप्याची फुलं. चारमिनार उभा राहून तेव्हा ८६ वर्षं झाली होती. ते वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हाच चौक येतो. बखरीत चौकाचं नाव नाही, हा माझ्या मनाचा भाग आहे, पण शहर हेच आणि त्याचे मुख्य रस्तेही हेच.

आता नावाबद्दल. भागमती नावाच्या नर्तकीवर राजाचा जीव होता, तिच्या नावावरून भागनगर, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती अलीकडे कोणी रचलेली नाही. अकबराचा वकील म्हणून अहमदनगरला बुऱ्हाण निजामशाहाकडे आलेला फैजी त्याच काळात बादशहाला तसं कळवतो. फिरिश्ता हा त्याच काळातला इतिहासकारही तसंच लिहितो. तो आधी अहमदनगरला होता, मग विजापूरला गेला. तावेर्निये आणि थेवनो या फ्रेंच प्रवाशांनी शहराचं नाव भागनगर असंच दिलंय. उलट बाजूने हारून खान शेरवानी यांच्यासारख्या कुतुबशाहीच्या मोठ्या इतिहासकाराने भागमती ही दंतकथा मानली. त्यांचा कल नाव बागांवरून पडलं याकडे. बागनगर, त्याचं भागनगर. आपल्या प्रियतमांची नावं कवितेत गुंफणारा राजा भागमतीचं नाव घेत नाही, हाही मुद्दा त्या बाजूचे लोक मांडतात.

मला स्वतःला नाव खरं वाटतं, गोष्टीबद्दल मी हट्ट धरणार नाही. समकालीन माणसं शहराला त्या नावाने ओळखत होती, आणि आपल्या पूर्वजांनी ते नाव दोनशे वर्षं जपलं.

*

शाल्मली_क

भागानगर म्हणजे हैदराबाद हे आज कळलं! पानिपतापूर्वीच्या पत्रांत शब्द वाचला होता आणि दुसरंच कुठलं तरी गाव समजत होते. धन्यवाद.

*

नाणेवेडा

या धाग्यावर माझ्या आवडीचा विषय आणल्याशिवाय राहवत नाही. मराठवाड्यातल्या मंडळींनो, चारमिनार तुमच्या आजी-आजोबांच्या कनवटीला होता.

निजामाच्या राज्यात स्वतःचं नाणं चालायचं, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. मीर महबूब अली खान, सहावे निजाम, यांच्या काळात हिजरी १३२१ पासून, म्हणजे १९०३-०४ पासून, रुपयावर चारमिनारचं चित्र आलं. चांदी ८१.८ टक्के, वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनीही तेच चित्र ठेवलं. संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं तरी हाली लगेच गेलं नाही, पुढची काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात होती.

आता नाणं हातात घेऊन नीट बघा. बहिर्गोल भिंग असेल तर उत्तम. समोरच्या मोठ्या कमानीच्या आत एक अक्षर कोरलेलं असतं. ते त्या त्या निजामाच्या नावाचं आद्याक्षर. महबूबचं मीम, उस्मानचं ऐन. मीम म्हणजे छोटासा गोळा आणि त्याला खाली शेपूट. ऐन म्हणजे आपला देवनागरी ३ आरशात बघितल्यासारखा. उस्मान अलींच्या काही नाण्यांवर ऐन पूर्ण आहे, काहींवर फक्त त्याचा माथा. जमवणारे लोक या फरकासाठी जीव टाकतात.

आणि चारमिनारच्या वर ९२ हा आकडा असतो. मुसीकाठच्या ताईंनी अबजद सांगितलंच आहे. मुहम्मद या शब्दाची बेरीज करा : मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. ब्याण्णव.

मागच्या बाजूला टांकसाळीचं नाव वाचता आलं तर तिथे "फरखुंदा बुनियाद हैदराबाद" आहे. म्हणजे ज्याचा पाया शुभ आहे असं हैदराबाद. एका बाजूला शहर जिथे सुरू झालं तो चौक, दुसऱ्या बाजूला त्या पायाला शुभ म्हणणारं बिरुद. शहराच्या जन्माची आठवण साडेतीनशे वर्षांनंतर बाजारातल्या रुपयावर फिरत होती.

*

वैजू_परभणी

नाणेवेडा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमच्या देव्हाऱ्यात असा एक रुपया आहे. आजीच्या सासूबाईंपासून आलेला. दर लक्ष्मीपूजनाला तो ताम्हनात ठेवतात, हळदकुंकू वाहतात, पुन्हा डबीत. इतक्या वर्षांच्या हळदकुंकवाने त्याच्यावर असा थर बसलाय की चित्र दिसतच नाही. आम्ही सगळे त्याला "हाली" म्हणतो. हाली म्हणजे काय हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

आजी नव्वदीच्या पुढे आहे. तिला विचारलं, तर म्हणाली, "हालीवर निजामाचं घर आहे." तिने चारमिनार प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. वडील कचेरीच्या कामाला हैदराबादला जायचे, परत येताना लाखेच्या बांगड्या आणायचे, ते तिला आठवतंय. रझाकारांच्या वर्षी जाणं बंद झालं, असंही म्हणाली. त्यावर ती जास्त बोलत नाही.

नाणं काढून बघायची परवानगी मागते आणि सांगते.

*

जुनाबाजार

मी संभाजीनगरचा. आमचं शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं. त्याने १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला. तो आजही उभा आहे. त्याच्या उंच कमानीखाली उभं राहिलं की मला नेहमी चारमिनारची आठवण येते. दोन्ही वास्तू वीस-एकवीस वर्षांच्या अंतरातल्या, दोन्ही दख्खनच्या. पण भडकल विजयाची खूण आहे, शहराची नव्हे. अंबराने शहराला दिलेली खरी भेट जमिनीखालची, नहर. शहराची स्थापना साजरी करायला कोणी चौक निवडतं, कोणी पाण्याचा नळ.

पुण्याचंही घ्या. जिजाऊसाहेबांनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून उजाड पुणं पुन्हा वसवलं ही आठवण पुणेकर किती प्रेमाने सांगतात. गाढवाचा नांगर फिरलेल्या जमिनीवर सोन्याचा नांगर. तिथेही पहिली कृती जमिनीवर रेघ ओढण्याचीच.

*

मुसीकाठची

@जुनाबाजार, जमिनीवर रेघ ओढणं! हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. मीर मोमीननेही दोन रेघाच ओढल्या.

*

चुनेगच्ची

मी जुन्या इमारतींच्या चुन्याच्या कामात आहे. हैदराबादला काही वर्षं होतो, आता साताऱ्याकडे वाड्यांची कामं करतो. चारमिनारबद्दल लोक मापं सांगतात : प्रत्येक बाजू साधारण २० मीटर, मिनार ४८.७ मीटर, कमानीची रुंदी ११ मीटर. पण त्याचा जीव चुन्यात आहे. आतला गाभा दगड आणि चुना. बाहेर दिसतं ते सगळं, ती फुलं, त्या जाळीसारख्या पट्ट्या, घुमटीच्या बुडाशी उमललेल्या पाकळ्या, हे सगळं चुन्याचं गिलाव्यातलं काम. ओल्या चुन्यावर हाताने, छोट्या थापीने केलेलं.

असा चुना तयार करायला वेळ लागतो. चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, मग तो लगदा खड्ड्यात ठेवून द्यायचा. महिना-दोन महिने तरी. जुने कारागीर म्हणतात, चुना जितका म्हातारा तितका हाताला लोण्यासारखा. मग वाळू घालून घाणीत दळायचा. गड चढणाऱ्यांनी राजगडावर, रायगडावर चुन्याच्या घाणीची गोल चाकं पाहिली असतील, तीच पद्धत. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असं काय काय पडतं. गुळाने चुना लवकर तडकत नाही. बेलाच्या चिकाने पकड येते. शेवटचा हात इतका घोटायचा की पृष्ठभागावर चमक यावी.

चुना श्वास घेतो. पावसाचं पाणी आत गेलं तरी तो ते हळूहळू बाहेर सोडतो. जुन्या चुन्यावर सिमेंट लावलं की पाणी आत कोंडतं, क्षार साठतात आणि एक दिवस सिमेंट आपल्याबरोबर जुनं नक्षीकामही घेऊन खाली येतं. हे मी कितीतरी वाड्यांत डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर मी केलेल्या सूचनेकडे एका ठेकेदाराने लक्ष दिलं नाही आणि दोन पावसाळ्यांत दीडशे वर्षांचा कोनाडा गेला. त्याचं दुःख अजून आहे.

चारमिनारच्या बाबतीत २०१९च्या मे महिन्यात मक्का मशिदीकडच्या मिनारावरून नक्षीचा एक मोठा तुकडा सुटून पडला होता. पुरातत्त्व खात्याने पारंपरिक चुन्यातच दुरुस्ती केली. मी तेव्हा तिथे नव्हतो. नंतर जाऊन खालून बघितलं तेव्हा नवा भाग थोडा उजळ दिसत होता. चुना नवा असला की असंच दिसतं, दोन-चार पावसाळे गेले की मिसळून जातो.

वाहनांचा धूर आणि हादरे हा खरा शत्रू. आता सभोवती दगडी फरशी घालून गाड्या बऱ्याच दूर ठेवल्यात, हे फार बरं झालं. माझ्या तरुणपणी चारमिनारला वळसा घालून बसगाड्या जायच्या.

*

दूरदेशी

मी गेली सतरा वर्षं सिंगापूरला आहे. माझं शालेय शिक्षण हैदराबादच्या विवेकवर्धिनी शाळेत. आमच्या वर्गात निम्मी मुलं मराठी, घरी मराठी, रस्त्यावर दखनी. आमची दखनी ऐकून उत्तरेकडचे लोक हसायचे. "नक्को", "मैं इच आया" असं बोलायचो. पुढे कळलं की तो "नक्को" आपल्या "नको"चा आणि तो "च" आपलाच. चारशे वर्षांपूर्वी शहर वसलं तेव्हा मराठी बोलणारी माणसं त्या बाजारांत असणारच, नाहीतर असे शब्द भाषेच्या हाडीमासी कसे खिळतील? चारमिनारकडे मी याच नात्याने बघतो. भाषा जिथे एकत्र शिजली ती चूल.

एक विचारायचं होतं. आम्ही लहानपणी आतल्या गोल जिन्याने वर जायचो. अजून जाऊ देतात का? यंदा मुलांना घेऊन यायचा विचार आहे.

*

मुसीकाठची

@दूरदेशी, पहिल्या मजल्यापर्यंत जाता येतं. मिनारांच्या टोकापर्यंतचा जिना लोकांसाठी बंद आहे आणि तो बंदच असावा, तिथून काही जणांनी जीव दिला होता. अगदी वर पश्चिम बाजूला मशीद आहे, तिथे आपल्याला जाता येत नाही.

जिना तुम्हाला आठवत असेल तसाच आहे. एकूण १४९ पायऱ्या सांगतात. आपण त्यातल्या थोड्याच चढतो, पण पायऱ्या इतक्या उंच की भाचीला प्रत्येक पायरीला गुडघ्यावर हात ठेवावा लागत होता. भिंत दोन्ही खांद्यांना लागते. अंधारात चढताना वरून उतरणाऱ्या बाईचा दुपट्टा आमच्या तोंडावर आला आणि तिघी हसलो. आणि मग एकदम उजेड, वारा, सज्जा.

सज्जात पोहोचल्यावर माझं एक ऐका. मुलांना एका जागी थांबू देऊ नका, चारही बाजूंना फिरवा. उत्तरेला चार कमानी, गुलजार हौज. पश्चिमेला लाड बाजार आणि त्या वाटेने पलीकडे गोवळकोंडा. दक्षिणेकडे वळलात की हाताशीच मक्का मशीद. ती नंतरची, १६१७ मध्ये सुरू झाली आणि १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरी झाली. चौथी पूर्वेची वाट, ज्या वाटेने माल बंदरावर जायचा. चारी बाजू बघितल्या की शहराचा नकाशा आपोआप डोक्यात उतरतो. भाचीने खाली आल्यावर वहीत अधिकचं चिन्ह काढलं, मध्ये एक चौकोन, चौकोनाला चार ठिपके. म्हणाली, झालं हैदराबाद.

घड्याळंही दाखवा. चारही दिशांना एकेक, १८८९ मध्ये बसवलेली.

आणि उतरल्यावर लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घडवणारा माणूस शोधा, विकणारा नव्हे. गल्लीत थोडं आत जावं लागतं. निखाऱ्यावर लाख मऊ करतात, लाकडी पट्टीने वळून तिची लांब वात करतात, वाटोळी करून जुळवतात, आणि गरम असतानाच एकेक खडा बोटाने दाबून बसवतात. ज्यांच्याकडे आम्ही बसलो ते काका बोलता बोलता हाताकडे बघतही नव्हते.

*

गोदातीर

धागा वाचून आजोबांचं जुनं पाकीट काढलं, एक छायाचित्र सापडलं. उस्मानियातल्या चार मित्रांचं, मागे चारमिनार, रस्ता जवळजवळ मोकळा, एक टांगा उभा. मागे मोडीत लिहिलंय. मला मोडी येत नाही. कोणी वाचून देईल का?

*

बखरवाचक

@गोदातीर, व्यक्तिगत निरोपातून पाठवा, वाचून देतो.

*

बखरवाचक

गोदातीर यांच्या परवानगीने लिहितो. मोडीत एकच ओळ आहे : "भागानगरी चौघे, परीक्षा संपली." आजोबा उस्मानियात उर्दूतून शिकले, पण मित्रांबरोबरच्या फोटोवर त्यांनी मोडीत भागानगर लिहिलं.

*

चुनेगच्ची

वा. फोटोत पाकळ्या दिसत असतील तर तोही पाठवा, माझ्या कामाला येईल.

*

वैजू_परभणी

उशीर झाला, माफ करा. आजी नाणं धुवायला तयार नव्हती. लक्ष्मीवरचं कुंकू पुसायचं नाही म्हणाली. मग मी तिला हा सगळा धागा वाचून दाखवला, शिवाजी महाराज भागानगरला आले तिथपासून. कुंकवा-केशराच्या सड्याचं ऐकून तिने दोनदा वाचायला लावलं. नंतर तिनेच चिंचेचं पाणी केलं आणि स्वतःच्या हाताने नाणं चोळलं. पिवळं-तांबडं पाणी ताम्हनात उतरत गेलं आणि आधी वरचे दोन मिनार दिसले, मग कमान. साल झिजलंय, वाचता येत नाही. ९२ अर्धं दिसतं.

कमानीत गोळा आहे आणि खाली शेपूट. मीम.

म्हणजे उस्मान अलींच्या आधीचं, आजीच्या जन्माच्याही खूप आधीचं. आजीने ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "यातून आत जाता येतं का गं?" मी म्हटलं, चारही बाजूंनी. तिने नाणं कोरड्या फडक्याने पुसलं, पुन्हा हळद लावली, पण या वेळी कमान मोकळी ठेवली.